आरसी (रिमोटवर उडणाऱ्या) विमानाला फ्लोट बसवलेत, पाण्यावर पळतंय पण उठत नाही. स्टेप आणि सीजीचं गणित सांगा

आचऱ्याचा_पायलट · सोमवार, रात्री ९:४०
नमस्कार मंडळी. माझं हाय विंग ट्रेनर आहे, विंगस्पॅन १४०० मिमी, बॉडी १०५० मिमी, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २२० मिमी, चाकं काढून बॅटरीसकट वजन १४५० ग्रॅम. हवेत एकदम गुणी आहे, सीजी (विमानाचा तोल लागतो तो बिंदू) पंखाच्या पुढच्या कडेपासून ६० मिमीवर. पण आमच्याकडे चाकांवर उतरायला जागा कुठाय, एकतर कातळ नाहीतर माड, पाणी मात्र हवं तेवढं. म्हणून एक्सपीएस फोमचे फ्लोट (चाकांऐवजी तरंगणारे ठोकळे) बनवले, ८०० लांब, ८० रुंद, ६० उंच, वायरसकट जोडीचं वजन २८० ग्रॅम. स्टेप (फ्लोटच्या तळाला असलेली पायरी) सीजीच्या २५ मिमी मागे घेतलीये.
आता अडचण अशी की खाडीत फुल थ्रॉटल दिला की जोरात पळतं, पाणी चिक्कार उडतं, पण एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) पूर्ण ओढला तरी नाक वर येत नाही, तसंच पळत राहतं. आणि फ्लोट लावल्यावर सीजी बघितला तर साधारण १० मिमी पुढे आलाय. शेपटीत शिसं भरू की फ्लोटच मागे सरकवू?

कातळावरचा · सोमवार, रात्री ९:५८
शिसं नको. फ्लोट पण मागे नको. आधी फ्लोटच्या खालच्या बाजूचा फोटो टाक. आणि बॅटरी कुठली, कुठे ठेवलीये?

आचऱ्याचा_पायलट · सोमवार, रात्री १०:१०
थ्री सेल २२००, वजन १८० ग्रॅम, नाकात मोटरच्या मागे लगेच. फोटो उद्या उजेडात काढतो.

चिपळूणची_मगर · सोमवार, रात्री १०:१५
आमच्या वाशिष्ठीत येऊन उडव. पडलं तर आमच्या मगरी आणून देतात. परत करतील याची खात्री नाही :)

सीजीकाका · सोमवार, रात्री ११:०२
आचऱ्याचा पायलट, तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत अडकलेत, म्हणून गुंता झालाय. सोडवूया.
पहिला सीजी. तो १० मिमी का सरकला? फ्लोटचं स्वतःचं वजन पुढे आहे म्हणून. फ्लोट एका पट्टीवर आडवे ठेवून त्यांचा तोल कुठे लागतो बघ, माझ्या अंदाजाने विमानाच्या सीजीच्या ६० मिमी पुढे लागेल. २८० गुणिले ६० म्हणजे १६८०० ग्रॅम-मिमी, भागिले एकूण वजन १७३०, उत्तर ९.७. तू मोजलेल्या १० मिमीशी जुळतंय. आता हेच १६८०० परत मागच्या बाजूला द्यायचेत. शेपटी सीजीपासून ६२० मिमीवर धरली तर २७ ग्रॅम शिसं लागेल. आणि बॅटरी मागे घेतली तर १६८०० भागिले १८० म्हणजे ९३ मिमी. बॅटरी सरकवायला फुकट, शिसं मात्र प्रत्येक उड्डाणात उचलून न्यायचं. शिवाय फ्लोट लावून तू आधीच २८० ग्रॅम वाढवलेस.
आता दुसरा, स्टेप. तू २५ मिमी कुठून मोजले? जुन्या सीजीपासून. पण सीजी १० मिमी पुढे गेला, म्हणजे पाण्यावर खरा फरक ३५ मिमी आहे! तिथेच घोडं अडतंय. विमान स्टेपवर पळायला लागलं की ती स्टेप म्हणजे तराजूचा काटा, आणि वजन त्या काट्याच्या पुढे ३५ मिमीवर बसलंय. एलिव्हेटरला ते सगळं वजन त्या टोकावरून मागे खेचून नाक वर आणायचंय, तुझ्या एलिव्हेटरचा तेवढा दम नाही.
म्हणून क्रम असा: फ्लोट लावलेल्या अवस्थेत सीजी जागेवर आण, बॅटरी सरकवून. मग त्या सीजीपासून स्टेप मोज. स्टेप जुळवायची फ्लोट सरकवून, सीजी जुळवायचा बॅटरी सरकवून. फ्लोट मागे सरकवून सीजी सुधारायला गेलास की स्टेप अजून मागे जाते आणि विमान आहे त्याहून घट्ट पाण्याला चिकटतं.

डॉ_फोम · मंगळवार, सकाळी ७:२०
सीजीकाका, सगळं पटलं, पण स्टेप किती मागे हवी ते सांगितलंच नाही. मी तर म्हणतो बरोब्बर सीजीखाली ठेवा. सगळ्यात सोपं.

सीजीकाका · मंगळवार, सकाळी ८:०५
डॉक्टर, बरोब्बर खाली ठेवली तर लवकर उठतं खरं, पण उतरताना आणि मध्यम वेगात नाक वर-खाली उड्या मारायला लागतं, आणि एकदा त्या उड्या सुरू झाल्या की एलिव्हेटरने मागोमाग दुरुस्त करत बसलं तर वाढतातच. या आकाराच्या विमानाला सीजीच्या १० ते १२ मिमी मागे, असं माझं मत आहे. मोठ्या विमानांना २०-२५ पण चालतं.

डॉ_फोम · मंगळवार, सकाळी ८:११
नाही पटलं. माझी फोमी बरोब्बर सीजीखाली स्टेप ठेवून व्यवस्थित चालतीये.

कातळावरचा · मंगळवार, सकाळी ८:३०
डॉक्टर, तुमची फोमी ६०० ग्रॅमची, पाण्याला लागायच्या आधीच उडते. हे १७०० ग्रॅमचं आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहात, फक्त विमानं वेगळी आहेत.

उलांडीवाला · मंगळवार, सकाळी ९:४५
माका इमानातला काय कळणा नाय, पण होडी कळता. आमच्या होडयेक बाजूक उलांडी असता, ती जवळ घेतलास तर होडी कलंडता, आणि खूपच लांब ठेवलास तर वळताना जड जाता आणि मोडता. तुमचे फ्लोट किती लांबार आसत एकमेकापासून?

आचऱ्याचा_पायलट · मंगळवार, सकाळी १०:०२
मधल्या रेषेपासून मधल्या रेषेपर्यंत २५० मिमी. बॉडीच्या वायरी सरळ खाली आणल्यात.

कातळावरचा · मंगळवार, सकाळी १०:१५
उलांडीवाल्या दादांनी नेमकं विचारलं. विंगस्पॅनच्या पाव भाग धर, म्हणजे ३५० मिमी. २५० वर आडवा वारा आला की एक पंख पाण्यात बुडणार आणि विमान त्याच्याभोवती गिरकी घेऊन उलटणार. वायरी बाहेर पसरव. ३ मिमी पियानो वायर घेतलीयेस ना? सायकलच्या स्पोकच्या वायरवर नको, पहिल्याच लाटेला वाकतील. आणि मागच्या पायांमध्ये एक आडवी वायर टाक, नाहीतर फ्लोट फाकतात.

खलाशी_ताई · मंगळवार, दुपारी १:३३
उशिरा आले, पण फोटो बघितला (पायलटने टाकलाय वरती). मी बोटींच्या डिझाइनमध्ये काम करते, त्यामुळे मला सगळ्यात आधी फ्लोटच्या खालच्या कडा दिसल्या. त्या गोल घासल्यात! सुंदर दिसतात, पण पाणी गोल कडेवरून वर चढतं, फ्लोटच्या बाजूला चिकटून राहतं आणि ओढ वाढवतं, म्हणून एवढं पाणी उडतंय. खालच्या कडा आणि स्टेपची धार दोन्ही कडक धारदार हव्यात, पाणी तिथून सुटलं पाहिजे. स्टेपचं काम तेच आहे: पाण्याचा थर तोडायचा आणि मागच्या भागाखाली हवा शिरू द्यायची. स्टेपची उंची किती ठेवलीयेस? १० मिमीच्या आसपास हवी. वरची बाजू हवी तेवढी गोल कर, तिथे काही फरक पडत नाही.
फ्लोटच्या आकारमानाची काळजी नको. मोठ्या विमानांना अमेरिकन नियमाप्रमाणे फ्लोटची तरंगण्याची ताकद विमानाच्या कमाल वजनापेक्षा ८० टक्के जास्त लागते. तुझ्या १७३० ग्रॅमला म्हणजे ३१०० घन सेमीच्या वर. ८०० × ८० × ६० चा पूर्ण ठोकळा ३८४० घन सेमी, आकार देताना तिसरा हिस्सा गेला तरी एका फ्लोटला २५०० उरतात, दोघांचे ५०००. भरपूर आहे. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा थोडं जड, तेवढं अजून हलकं तरंगेल.

चिपळूणची_मगर · मंगळवार, दुपारी २:०१
ताई, मगरीचं पण मत घ्या, आम्ही पाण्याखाली राहून बघतो :) एक गंभीर प्रश्न: स्टेप आणि फ्लोट ही कल्पना मुळात कोणाची?

खलाशी_ताई · मंगळवार, दुपारी २:२०
पाण्यावरून स्वतःच्या इंजिनावर पहिल्यांदा उडालेलं विमान फ्रान्सच्या हेन्री फाब्रेचं, २८ मार्च १९१०, मार्तिग गावाजवळच्या खाऱ्या सरोवरात. पुढच्याच वर्षी जानेवारीत कर्टिसने सॅन डिएगोत पाण्यावरून उड्डाण केलं. आपल्याकडे अंदमानात ३० डिसेंबर २०१० ला 'जल हंस' सेवा सुरू झाली होती, सेसना २०८ चं तरंगणारं रूप. साबरमती ते केवडियाचं ट्विन ऑटर तर बऱ्याच जणांनी टीव्हीवर बघितलंय, ऑक्टोबर २०२०.

देवगडचा_बागायतदार · मंगळवार, संध्याकाळी ६:४०
धाग्याचा खूप फायदा होतोय, धन्यवाद. फोम कुठून आणता पण? आमच्याकडे मासळीच्या थर्माकोलच्या पेट्या चिक्कार मिळतात, बंदरावर ढीग असतो.

डॉ_फोम · मंगळवार, संध्याकाळी ७:०५
पेट्यांचं थर्माकोल स्वस्तात मिळतं पण ते दाणेदार, दाण्यांच्या मधून पाणी शिरतं. पहिल्या दिवशी कळत नाही. एक्सपीएस, म्हणजे त्या निळ्या-गुलाबी इन्सुलेशनच्या शीट, त्याला पाणी लागत नाही. पेट्याच वापरायच्या तर वरून काचेचं कापड आणि इपॉक्सी लावा, किंवा निदान पॅकिंगची ब्राऊन टेप घट्ट गुंडाळा. फेविक्विक थर्माकोलला चुकूनही लावू नका, वितळून भोक पडतं.

कातळावरचा · मंगळवार, रात्री ८:१४
डॉक्टर जे पाणी शिरण्याचं बोलले ते सीजीशी थेट जोडलेलंय, लोक विसरतात. समजा फ्लोटच्या मागच्या भागात, सीजीच्या ३०० मिमी मागे, ५० ग्रॅम पाणी शिरलं. ३०० × ५० = १५०००. मघाशी सीजीकाकांनी १६८०० दुरुस्त करायला बॅटरी ९३ मिमी हलवायला सांगितली होती, तेवढाच फरक इथे न कळता उलट्या बाजूने होतो, आणि शेपटी जड असणं हवेत जास्त धोकादायक. मी उडवायच्या आधी आणि नंतर दोन्ही फ्लोट किचनच्या काट्यावर मोजतो, वजन वाढलं की उडवायचं बंद. आणि फ्लोट काढता-घालता येतील असेच बसवा, स्क्रूवर, कायमचे चिकटवू नका.

माडाखालचा · मंगळवार, रात्री ८:४०
कोकणात फ्लोट प्लेन उडवताना मला सगळ्यात मोठा शत्रू मीठ वाटतो. सीजी चुकला तर एका दिवसात कळतं, मीठ चुकलं तर हळूहळू कळतं. सर्व्हो (एलिव्हेटर-रडर हलवणारी छोटी मोटर) आतून गंजतो, मोटरचं बेअरिंग कुरकुरतं, ईएससीचे (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचे) कनेक्टर हिरवे होतात. मी खाडीवरून घरी आल्यावर आधी बॅटरी काढतो, मग फ्लोट, मोटर, पुशरॉड सगळं गोड्या पाण्याने धुतो, पंख्याखाली वाळवतो आणि बेअरिंगला शिवणमशीनचं तेल. रिसीव्हर फुग्यात घालून तोंड बांधतो. लायपो बॅटरी खाऱ्या पाण्यात पडली तर ती परत चार्ज करायची नाही, बाहेर उघड्यावर ठेवायची. गावात कोणाकडे विहीर असेल तर बादली सोबत घेऊन जा, खाडीवरच पहिला धुवा.

सीजीकाका · मंगळवार, रात्री ९:१०
माडाखालचा, शंभर टक्के. म्हणून शक्य असेल तर गोड्या पाण्यावर शिका. धामापूरचा तलाव म्हणाल तर सुंदर आहे, २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसा म्हणून नोंद झालीये त्याची, पण भगवतीचं देऊळ आणि गावाचं पाणी आहे, त्यामुळे गावकऱ्यांना विचारल्याशिवाय तिथे इंजिन-मोटर काही घेऊन जाऊ नये, असं मला वाटतं.

उलांडीवाला · मंगळवार, रात्री ९:३२
खाडीत जायचा तर भरती बघून जावा. तिथीक पाऊणपट कर, भरतीची वेळ येता. चतुर्थीक तीन वाजता, अष्टमीक सहा. तालुक्याप्रमाणे थोडो फरक पडता.

खलाशी_ताई · मंगळवार, रात्री ९:५०
वा, हे हवं होतं. यातून एक चांगली गोष्ट निघते: अष्टमी-नवमीला भांगाची भरती असते, म्हणजे पाण्याचा ओढा उधाणापेक्षा बराच कमी, आणि तिथीच्या हिशोबाने पूर्ण भरती सकाळी सहा ते पावणेसातला. सकाळी खारा वारा अजून सुरू झालेला नसतो. पाणी जास्तीत जास्त, ओढ कमी, वारा शांत, तिन्ही एकाच वेळी. फ्लोट प्लेनला याहून चांगला मुहूर्त नाही. फक्त मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे असतो हे लक्षात ठेवा, मोटर बंद पडली तर विमान मुखाकडे वाहत जातं. म्हणून एक होडी आणि वल्हवणारा हवाच. काही लोक मासेमारीचा गळ आणि टेनिस बॉल ठेवतात, विमानापलीकडे फेकायचा आणि ओढायचं.

माडाखालचा · मंगळवार, रात्री १०:०५
ताई, पण एकदम आरशासारखं पाणी असेल तर विमान सुटायला जास्त वेळ लागतो, चिकटल्यासारखं होतं. थोड्या लहरी असल्या की लवकर सुटतं. पाणी अगदीच शांत असेल तर मी होडीवाल्याला एक चक्कर मारायला सांगतो.

आचऱ्याचा_पायलट · मंगळवार, रात्री १०:३०
किती छान माहिती, खरंच मनापासून आभार. दोन शंका. फ्लोटचा अँगल विंगशी किती हवा? आणि प्रॉप (पुढचा पंखा) पाण्याच्या किती वर?

सीजीकाका · मंगळवार, रात्री १०:५५
फ्लोटची वरची बाजू टेल प्लेनला (शेपटीच्या आडव्या पंखाला) समांतर ठेव, विंग त्याच्यापेक्षा २ ते ३ अंश जास्त असावी. तुझ्या २२० मिमी कॉर्डला १ अंश म्हणजे पुढची कड मागच्यापेक्षा साधारण ३.८ मिमी वर, ३ अंश म्हणजे ११.५ मिमी. ट्रेनरमध्ये विंग बहुतेक आधीच तेवढ्या अँगलवर असते, त्यामुळे फक्त टेलला समांतर ठेवलंस तरी काम होतं. फ्लोटचं नाक खाली गेलं की ते पाण्यात घुसतं आणि विमान पुढे कोलांटी मारतं, म्हणून फ्लोटचं पुढचं टोक प्रॉपच्या पुढे ५० मिमी तरी असू दे. प्रॉपची टोकं पाण्यापासून निदान ४० मिमी वर, तुषारांत पातं फिरलं की त्याच्या कडा झिजतात. आणि मोटरला दर किलोला २५० वॅट धर, तुला साधारण ४३० वॅट. जमिनीवर ज्या मोटरने मजेत उडायचं ते पाण्यावरून उठेलच असं नाही.

देवगडचा_बागायतदार · बुधवार, सकाळी ७:१०
परवानगी वगैरे काही लागते का याला?

कातळावरचा · बुधवार, सकाळी ९:००
ड्रोन रूल्स २०२१ मध्ये छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेलं २५ किलोपर्यंतचं मॉडेल वेगळं धरलंय, त्याला टाइप सर्टिफिकेट (मॉडेलच्या डिझाइनची सरकारी मंजुरी) लागत नाही. पण हवाई हद्दीचे नियम सगळ्यांना लागू, डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा बघायचाच. तुमच्या भागात चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालाय. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमी पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच, त्याच्या आत परवानगी लागते. देवबाग-कर्ली खाडीकडे जाणाऱ्यांनी अंतर मोजूनच जावं. रत्नागिरीतही विमानतळ आहे, भाट्ये खाडीवाल्यांनी तेच करा.

आचऱ्याचा_पायलट · रविवार, रात्री ८:१५
अपडेट! खालच्या कडांना प्लॅस्टिकच्या पातळ पट्ट्या इपॉक्सीने चिकटवून धार आणली, स्टेपला पण. फ्लोट ३५० मिमीवर नेले. बॅटरी ९३ मिमी मागे घेतली, सीजी परत ६० वर आला. मग फ्लोट १३ मिमी पुढे घेतले म्हणजे स्टेप १२ मिमी मागे राहिली, त्याने सीजी परत २ मिमी पुढे गेला, म्हणून बॅटरी अजून २० मिमी मागे, आता ती सर्व्होच्या खाली बसलीये, वेल्क्रोची पट्टी लांब लागली. आज सकाळी खाडीत सोडलं, थ्रॉटल दिला, एलिव्हेटर ओढून ठेवला, स्टेपवर आलं, थोडा सोडला आणि उडालं!!! होडीतले दोघं पण ओरडले. उतरणं पण मस्त.
एकच अडचण, हवेत वळण घेताना शेपटी बाहेर फेकली जाते, आधी असं नव्हतं. सीजी बरोबर आहे, परत तपासला.

खलाशी_ताई · रविवार, रात्री ८:३०
अभिनंदन! खूप आनंद झाला वाचून. शेपटीचं कारण सीजी नाही. फ्लोटची बाजू मोठी आहे आणि तिचा बराच भाग सीजीच्या पुढे येतो, त्यामुळे आधीचा रडरचा पंख अपुरा पडतो. शेपटीखाली एक छोटा पंख लाव, ८ बाय ६ सेमी पासून सुरुवात कर, कोरोप्लास्टचा चालेल. पाण्याला टेकणार नाही एवढा वर ठेव.

माडाखालचा · रविवार, रात्री ८:४४
आणि तो पंख लावल्यावर सीजी परत बघ हं! शेपटीत ६०० मिमीवर १० ग्रॅम म्हणजे ६००० झाले, बॅटरी ३३ मिमी परत पुढे.

उलांडीवाला · रविवार, रात्री ९:०१
पुढच्या नवमीक होडी माझी. सकाळी सहाक देवळाकडल्या धक्क्यार येवा.

देवगडचा_बागायतदार · रविवार, रात्री ९:०६
मी पण येतोय. पेट्यांचं थर्माकोल नाही, एक्सपीएस मागवलंय. गरम वायरने कापायला नायक्रोम किती जाडीची घेऊ?

डॉ_फोम · रविवार, रात्री ९:२०
०.४ मिमी घे, १२ व्होल्टची जुनी बॅटरी आणि मध्ये डीसीचा डिमर. वायर लाल होऊ देऊ नकोस, फक्त गरम. खोलीत कापू नकोस, अंगणात काप, धूर वाईट असतो. आणि स्टेपची जागा पेन्सिलने मारायच्या आधी फ्लोट नुसते टेपने बांधून सीजी मोज, मगच काप.